सायकल उचलण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

गुरुदत्त खळदकरांचं ठाम मत होतं, की जगात जड असं काही नसतं; लोकांना धरता येत नाही, एवढंच. हे मत कुणी विचारलं तर ते सांगत, आणि कुणी विचारलं नाही तर जरा सविस्तर सांगत.

तसं सांगण्याचा त्यांना अधिकारही होता. पिंपरीतल्या गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत ते वर्क स्टडी खात्यात होते. म्हणजे कामगार काम करत असताना हातात स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभं राहायचं, आणि काम संपलं की ते याहून सोपं कसं करता आलं असतं ते त्याला सांगायचं. ओझं उचलताना गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, वजन अंगाजवळ घ्या, असा एक तक्ता त्यांनी स्वतः काढून मशीन शॉपच्या भिंतीवर लावला होता. तक्त्यातला माणूस इतका ताठ होता, की कामगार त्याला 'नवरदेव' म्हणत.

घरीही तेच. देहूरोडला कौशल्याबाईंच्या माडीवर भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि नळ खाली अंगणात. बायको चित्रा जवळच्या शाळेत शिक्षिका. सकाळी ती बादली घेऊन जिना चढू लागली, की खळदकर वरून म्हणत, "कमरेतून नको, गुडघ्यातून."

"मग तुम्हीच दाखवा की," चित्रा म्हणे.

"मी दाखवीन गं. पण मग तुला सवय कधी लागणार?"

आणि बादली वर येई ती चित्राच्याच हातून.

सत्त्याहत्तर साली कंपनीत नवं यंत्र बसवायला आलेला एक जर्मन इंजिनिअर वर्षभर राहून मायदेशी निघाला. 'तिखट नको' म्हणजे खरोखरच तिखट नको, हे कँटीनच्या आचाऱ्याला वर्षभर समजावण्याचं काम खळदकरांनी केलं होतं. त्याची आठवण ठेवून साहेबानं जाताना आपली घडीची सायकल त्यांना भेट दिली. चाकं लहान, मधल्या दांड्याला बिजागरी. बिजागरीची खिटी ओढली की सायकल कमरेत दुमडायची आणि पुढचं चाक मागच्या चाकाशेजारी येऊन गुपचूप बसायचं. अख्ख्या आळीनं ती उघडून आणि मिटून पाहिली.

"बघ, किती पुढचा विचार करतात हे लोक," खळदकर चित्राला म्हणाले. "इथून बस स्टॉपपर्यंत सायकल. स्टॉपवर घडी. घडी हातात घ्यायची, बसमध्ये चढायचं. पिंपरीला उतरलं की उघडायची, की थेट कंपनीच्या दारात."

"हातात घ्यायची म्हणजे कशी?"

"कशी म्हणजे? हातात."

चित्रानं सायकल उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. "भरल्या हंड्याएवढी आहे की. आणि हंड्याला धरायला काठ तरी असतो."

"ते धरण्यावर असतं," खळदकर म्हणाले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नव्हती. जर्मन साहेबानं ती सायकल वर्षभरात एकदाही हातात घेतली नव्हती. ती कंपनीच्या मोटारीच्या डिकीतून यायची आणि ड्रायव्हर ती उतरवून द्यायचा.

पहिल्या दिवशी खळदकरांनी घडी सीटला धरून उचलली. दर पावलाला पॅडल नडगीवर आपटू लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती मधल्या दांड्याला धरली. पॅडल लांब गेलं आणि चेन जवळ आली. संध्याकाळी चित्रानं पँट उजेडात धरली.

"हे काय?"

"वंगण."

"कंपनीचं की सायकलचं?"

"सायकलचं."

"कंपनीचं म्हणाला असतात तर धुतली असती," चित्रा म्हणाली आणि पँट त्यांच्याच हातात दिली.

पण खळदकर खचणारे नव्हते. उलट त्यांना हुरूप आला. कामगारांची वेळ मोजून मोजून ते कंटाळले होते. इथं त्यांना स्वतःचं असं एक संशोधन मिळालं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सायकल खांद्यावर टाकली आणि अभ्यास म्हणून ती स्टॉपपर्यंत न उघडता तशीच न्यायचं ठरवलं. जिना उत्तम उतरला. अंगण उत्तम ओलांडलं. रस्त्याला लागल्यावर तर त्यांच्या लक्षात आलं, की लोक थांबून बघताहेत. दूधवाला बघतोय, इस्त्रीवाला बघतोय. मागून कौशल्याबाईंचा आवाज आला, "अहो खळदकर." त्यांनी मागे न बघता मोकळा हात वर करून नमस्कार स्वीकारला.

"अहो खळदकर, माझं लुगडं."

आता ते थांबले. दोरीवर वाळत घातलेलं कौशल्याबाईंचं नऊवारी हँडलला अडकून सगळ्या आळीतून त्यांच्या मागे येत होतं आणि त्याचं दुसरं टोक धरून खुद्द कौशल्याबाई येत होत्या. खळदकर गडबडीनं वळले, आणि वळताना लुगडं त्यांच्याभोवती एक वेढा घेऊन बसलं. दुसऱ्या बाजूनं वळले तर सायकलीभोवतीही बसलं.

"नेसायचंच असेल तर नीट नेसवून देते," कौशल्याबाई म्हणाल्या. "असं रस्त्यात कशाला?"

चौथ्या दिवशी त्यांनी पाठीवरची पद्धत काढली. सायकल पाठीशी घेतली आणि दोन्ही खांद्यांवरून पट्टे घेऊन छातीवर गाठ मारली.

"ही नवार कुठली?" चित्रानं विचारलं.

"जादा खाटेची."

"आणि पाहुणे आले तर?"

"आलेत का सध्या कुणी?"

पद्धत खरोखर चांगली होती. दोन्ही हात मोकळे, पाठ ताठ. फक्त बसच्या दारातून खळदकर आत गेले आणि सायकल बाहेर राहिली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. कंडक्टरनं बेल मारायचा हात तसाच ठेवून शांतपणे विचारलं, "मागचा पॅसेंजर तुमच्याबरोबरच आहे का?"

सगळी बस हसली. खळदकरही हसले. त्यांचा एक मोठा गुण म्हणजे हसू आलं की ते दाबत नसत, मग ते स्वतःवरचं का असेना.

त्याच दिवशी कंपनीच्या फाटकात ते पाठीवर सायकल घेऊन शिरताना फॅक्टरी मॅनेजर नानासाहेबांनी त्यांना पाहिलं. नानासाहेब जुन्या वळणाचे, कामाचे आणि कमी बोलणारे.

"हे काय, खळदकर?"

"ओझं वाहून नेण्याचा अभ्यास चाललाय, साहेब."

नानासाहेबांनी क्षणभर विचार केला. "छान. पुढच्या आठवड्यात सुरक्षा सप्ताह आहे. शेवटच्या दिवशी हेच दाखवा. सरकारी कारखाना निरीक्षक पाहुणे आहेत. आणि हे बघा, सेफ्टी ऑफिसरची जागा निघतेय आपल्याकडे. तुमचं नाव माझ्या डोक्यात आहे. पाहुण्यांसमोर जरा नीट होऊ द्या."

खळदकर त्या संध्याकाळी घरी आले ते जवळजवळ तरंगतच. सेफ्टी ऑफिसर म्हणजे स्वतंत्र टेबल, आणि मुख्य म्हणजे पिंपरीत कंपनीचं क्वार्टर. चित्रानं एकच प्रश्न विचारला.

"नळ घरात असतो का हो तिथे?"

"दोन असतात. एक स्वयंपाकघरात, एक मोरीत."

चित्रानं हातातली रिकामी बादली कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाली, "भाषण चांगलं लिहा. मी शुद्धलेखन बघते."

आठवडाभर तयारी झाली. भाषण पाठ झालं. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी सायकलच्या मागच्या चाकाची ट्यूब फाटली. देहूरोडच्या सगळ्या पंक्चरवाल्यांनी ते चाक हातात घेऊन बघितलं, कौतुक केलं आणि एवढ्या मापाची ट्यूब लहान मुलांच्या सायकललाही नसते म्हणून परत दिलं. म्हणजे आता घरापासून बसपर्यंत आणि पिंपरीच्या थांब्यापासून कंपनीपर्यंत, सगळीकडे सायकल उचलूनच न्यायची होती.

सकाळी खळदकर बूट घालत होते तोवर चित्रानं सायकल खाली नेलीसुद्धा. ते जिन्यावरून बघतात तो काय, हिनं घडी कमरेवर टेकवलेली, एका हातानं सीटला वेढा घातलेला, आणि वर दुसऱ्या हातात रिकामी बादली.

"कडेवर घ्या," ती म्हणाली. "मूल घेतात तशी. काही होत नाही."

"अगं, पुरुष माणसानं सायकल कडेवर घेऊन जायचं? आणि शास्त्रात ती पद्धत नाही."

"शास्त्र लिहिणाऱ्यानं पोरं कुठे सांभाळलीत?"

वाद घालायला खळदकरांकडे वेळ नव्हता. आज त्यांनी तक्त्यातलीच पद्धत वापरायची ठरवली होती. गुडघे वाकवले, पाठ ताठ केली, सायकल छातीशी घेतली आणि उठले. पॅडल लागलं नाही, चेन लागली नाही, लुगडं आलं नाही. स्टॉप दिसू लागला आणि खळदकरांना मनापासून वाटलं, की आपण जिंकलो.

तेवढ्यात बस आली. ही चुकली असती तर कार्यक्रम चुकला असता, म्हणून ते धावले. गुडघे वाकवून आणि पाठ ताठ ठेवून धावणं तक्त्यात नव्हतं. ते बदकासारखे तुरुतुरु दारापर्यंत पोचले, पायरीवर पाय ठेवला, आणि बिजागरीची खिटी सुटली. पुढचं चाक स्वतंत्र होऊन बाहेर निघालं. ते एका बाईंच्या डोक्यावर बसणार म्हणून खळदकरांनी कमरेतून पिळा घेऊन त्याला धरलं. चाक वाचलं, बाई वाचल्या. खळदकरांच्या कमरेत मात्र काहीतरी कट्‌ झालं, आणि ते जसे वाकले होते तसेच राहिले.

त्यांनी सरळ व्हायचा प्रयत्न केला. कंबर म्हणाली, नाही.

बस सुटली. कुणीतरी सायकल आत ओढून घेतली. खळदकर मधल्या जागेत काटकोनात उभे होते आणि त्यांना बसचा फक्त तळ दिसत होता. चपला, बूट, एक कोंबडीची टोपली.

"काय पडलं हो?" बाजूच्या सीटवरच्या माणसानं विचारलं.

कंबर धरली असं सांगायची त्यांना लाज वाटली. कंपनीतलं कुणी बसमध्ये असलं तर? "काही नाही, बटण," ते म्हणाले.

"बटण पडलंय," तो माणूस पुढच्याला म्हणाला आणि स्वतः वाकून शोधू लागला. पुढचाही वाकला. तिसऱ्यानं विचारलं, "कसलं बटण?" आवाजात ते नीट पोचलं नाही, आणि मागच्या बाजूला बातमी गेली ती सोन्याच्या बटणाची. मग मात्र अर्धी बस खाली वाकली. सीटखाली हात गेले, कोंबडीची टोपली उचलली गेली, एका म्हाताऱ्या आजींना पाय वर घ्यायला लावले. कंडक्टर तिकिटं फाडत मधून आला, त्यानं वाकलेल्या उतारूंकडे पाहिलं आणि तोही वाकला. जराशा वेळात सगळ्यांमध्ये खळदकर अजिबात वेगळे दिसेनासे झाले.

"सापडलं," मागून कुणीतरी म्हणालं. खरोखरच एक बटण सापडलं होतं, काळं, दोन भोकांचं. हातोहात ते पुढे आलं. "सोन्याचं कुठाय?" अशी थोडी नाराजी झाली, पण बटण खळदकरांच्या मुठीत कोंबलं गेलं, आणि सगळी बस समाधानानं सरळ बसली. एकटे खळदकर वाकलेले राहिले.

त्यांच्या नजरेसमोर आता तेल पिऊन काळे झालेले कंपनीचे बूट येऊन थांबले.

"खळदकर सायेब हायेत का ह्ये?" बुटांच्या वरून आवाज आला. किवळ्याचा चिमाजी तरस. मशीन शॉपमधला माणूस. नवरदेवाच्या तक्त्याखालीच त्याचं लेथ मशीन होतं. "सायेब, बटण तर मिळालं न्हवं?"

"चिमाजी," खळदकर हळूच म्हणाले, "कंबर धरलीय."

"कशानं?"

"उचलताना."

चिमाजी हसला नाही. त्यानं फक्त विचारलं, "गुडघं वाकिवलं हुतं का?"

"वाकवले होते हो."

"मग ऱ्हाऊ द्या. आता पिंपरीला उतरल्यावर मी काय घिऊ, तुमाला का सायकलीला?"

त्यानं दोघांनाही घेतलं. एका खांद्यावर सायकल आणि दुसऱ्या हातात खळदकरांचा दंड. वाटेत जे भेटतील त्यांना चिमाजी सांगत होता, "व्हय, सायेबच हायेत. भाषणाला चाललोय." खळदकरांना रस्त्यावरच्या खडीशिवाय काही दिसत नव्हतं. दोन नळांचं क्वार्टर त्यांना त्या खडीत हळूहळू विरघळताना दिसलं.

कंपनीत पोचेपर्यंत कार्यक्रम सुरू झाला होता. मशीन शॉपसमोर मांडव, सगळ्या शिफ्टचे कामगार खाली सतरंजीवर, व्यासपीठावर नानासाहेब आणि पाहुणे. खळदकरांनी ठरवलं, की बाजूनं जायचं, नानासाहेबांच्या कानात खरं सांगायचं आणि फर्स्ट एडच्या खोलीत जाऊन आडवं व्हायचं. ते व्यासपीठाच्या पायऱ्या चढू लागले. मागे सायकल घेऊन चिमाजी.

नेमकं त्याच वेळी नानासाहेब माइकवर म्हणाले, "आता आपले खळदकर ओझं उचलण्याची शास्त्रशुद्ध पद्धत दाखवतील."

काटकोनात वाकलेला माणूस, एक हात कमरेवर, एक हात हवेत, इंचाइंचानं पुढे सरकतोय, हे पाहून आधी मांडव गप्प झाला. मग पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आरं, आधी चुकीची दाखवत्यात." आणि हशा उसळला. टाळ्या पडल्या. मान तिरकी करून खळदकरांनी वर पाहिलं तर पाहुणे हसताहेत, आणि नानासाहेब, ज्यांना आजवर कुणी हसताना पाहिलं नव्हतं, ते रुमालानं डोळे पुसताहेत.

आता कानात काय सांगणार? चिमाजीनं माइक खाली करून त्यांच्या तोंडापाशी आणला. पाठ केलेलं भाषण कमरेबरोबरच गेलं होतं. म्हणून खळदकरांनी जे घडलं तेच सांगितलं.

"मित्रहो, मी सकाळी घाई केली."

हशा.

"ओझं उचलून धावू नये. मी धावलो. कमरेतून वळू नये. मी वळलो. त्याचा परिणाम आपल्यासमोर आहे." मुद्दा ठसवायला त्यांनी हात उचलला आणि कळ मस्तकात गेली. "आई गं," ते अगदी आतून म्हणाले.

मांडव टाळ्यांनी दणाणला. पाहुणे नानासाहेबांकडे झुकून म्हणाले, "नाटकात कामं करतात का हे?"

"केली असतील," नानासाहेब म्हणाले. "बोलले नाहीत कधी." मग ते उठून माइकपाशी आले. "उत्तम. खळदकर, आता बरोबर पद्धत दाखवा."

सगळे त्यांच्या सरळ होण्याची वाट बघू लागले. खळदकरांच्या कपाळावर घाम आला. त्यांना समोर फळ्यांवर सायकलची दोन चाकं, चिमाजीचे काळे बूट आणि पाहुण्यांचे चकाकणारे बूट, एवढंच दिसत होतं. त्या दोन जोड्यांकडे बघता बघता त्यांना सुचलं.

"बरोबर पद्धत एकट्यानं दाखवताच येत नाही," ते म्हणाले. "आपल्याला झेपत नाही असं वाटलं, की दुसऱ्याला हाक मारायची. त्यात कमीपणा मानायचा नाही. मी आज सकाळी मानला. तेव्हा पाहुण्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी चिमाजी तरसांना एक हात द्यावा."

पाहुणे चकित झाले, पण उठले. कोट काढून त्यांनी खुर्चीवर टाकला. एका बाजूनं चिमाजीनं, दुसऱ्या बाजूनं पाहुण्यांनी सायकल धरली. ती कापसाच्या गाठोड्यासारखी वर आली. दोघे व्यासपीठभर चालले. पॅडल कुणाला लागलं नाही, चेन कुणाला लागली नाही. पाहुण्यांना ते इतकं आवडलं, की ते खाली उतरून कामगारांच्या मधून एक फेरी मारून आले, आणि चालता चालता चिमाजीला त्याच्या गावात यंदा ज्वारी कशी आहे ते विचारत होते. फोटोवाल्यानं दोघांना थांबवून फोटो काढला. मागे कोपऱ्यात वाकलेले खळदकरही त्यात आले, पण ते टेबल असावं असं वाटतं.

कंपनीच्या गाडीतून त्यांना घरी पोचवलं. चित्रानं वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि शेक देता देता सगळी हकिकत ऐकली. सोन्याच्या बटणापाशी ती हसायला लागली, आणि नानासाहेबांनी डोळे पुसले तिथे तिला वीट खाली ठेवावी लागली. खळदकर पालथे पडून उशीत हसत होते आणि प्रत्येक हसण्याला "आई गं" म्हणत होते.

कंबर आठवडाभरात सुटली. महिनाअखेर सेफ्टी ऑफिसरचं पत्र आलं, आणि पुढच्या महिन्यात चित्रानं पिंपरीच्या क्वार्टरमध्ये दोन्ही नळ एकदम सोडून पाहिले.

इथवर सगळं छान झालं. मग भोसरीच्या एका कारखान्याकडून नानासाहेबांना निरोप आला: तुमचे ते वाकून दाखवणारे साहेब आमच्याकडेही पाठवा. नाही म्हणायची सोय नव्हती. खळदकरांनी चार दिवस कपाटाच्या आरशासमोर सराव केला. चित्रा पलंगावर बसून सांगत होती, "अजून थोडं वाका. हात असा नव्हता. त्या दिवशी डोळ्यांत पाणी होतं तुमच्या."

ठरल्या दिवशी ते चिमाजीला आणि सायकलीला घेऊन भोसरीला गेले. मान तिरकी करून, इंचाइंचानं सरकत व्यासपीठावर चढले. "आई गं" तर त्यांनी दोनदा म्हटलं. लोकांनी शिस्तीत ऐकून घेतलं आणि शेवटी शिस्तीतच टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना तिथला एक वयस्कर फिटर त्यांच्याजवळ आला. आदरानं नमस्कार करून म्हणाला, "सायेब, माहिती लई चांगली दिली. पर एक बोलू का? राग मानू नका."

"बोला की."

"कंबर धरल्याला माणूस असा वाकत न्हाई. तुमाला अजून कदी झालं न्हाई, म्हून ध्यानात येत नसंल."

चिमाजीनं घाईघाईनं पाठ फिरवली आणि पुसलेली सायकल पुन्हा पुसायला घेतली. खळदकरांनी चहाचा एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाले,

"तसं असेल. पुढच्या वेळी बघतो."